प्लेअर तुमचा, पण गाणी कोणाची?

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या तीन पोरांनी मला एकच प्रश्न विचारला. "काका, जुना आयपॉड स्वस्तात मिळतोय. घेऊ का?" मला आधी नवल वाटलं. ज्याच्या हातात पंधरा-वीस हजारांचा मोबाईल आहे त्याला हे म्हातारं यंत्र कशाला? कारण विचारलं तर एकाने दिलेलं उत्तर पटलं. म्हणाला, "मोबाईलवर गाणं लावलं की मधेच मेसेज येतो, मग रील, मग तास जातो. मला फक्त गाणं वाजवणारं काहीतरी हवंय."

पोरांचं म्हणणं बरोबर आहे. पण या निमित्ताने एक जुना विषय मांडायचा आहे. वरवर तो गाण्याच्या डबीचा आहे, पण धागा ओढत गेलो की ग्रामपंचायतीच्या कॅमेऱ्यापर्यंत जातो. म्हणून लिहितोय.

आधी थोडा इतिहास. खिशात मावणारे एमपीथ्री प्लेअर आयपॉडच्या आधीपासून होते. १९९८ साली डायमंड कंपनीचा रिओ आला, ३२ एमबीचा. म्हणजे आठ-दहा गाणी बसली तरी पुष्कळ. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांनी त्याच्यावर कोर्टात धाव घेतली आणि १९९९ मध्ये त्या हरल्या. विकत घेतलेल्या सीडीतलं गाणं स्वतःसाठी दुसऱ्या यंत्रात घालून ऐकणं हा गुन्हा नाही, अशी बाजू तिथे टिकली.

मग २३ ऑक्टोबर २००१ ला ॲपलने आयपॉड दाखवला. पाच जीबी, हजार गाणी, किंमत ३९९ डॉलर. सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते पांढरं यंत्र आणि गोल फिरणारं चाक. पण खरी गंमत त्याच्यासोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. आयट्यून्स हे सॉफ्टवेअर त्याच वर्षीच्या जानेवारीत, म्हणजे यंत्राच्या आधी आलं होतं. प्लेअरमध्ये गाणं जाणार ते आयट्यून्समधूनच. पेनड्राइव्हसारखी फाइल ओढली आणि टाकली, असं चालणार नाही.

न्यायाने बोलायचं तर ते सॉफ्टवेअर वाईट नव्हतं. सीडी घातली की गाणी कॉम्प्युटरवर यायची, गायकाचं नाव, अल्बमचं नाव नीट लागायचं, यादी करता यायची, वायर जोडली की सगळं आपोआप प्लेअरमध्ये. ज्याला फोल्डर म्हणजे काय हे कळत नव्हतं त्यालाही ते जमायचं. सोपेपणा ही लहान गोष्ट नाही. माझ्या वयाच्या कितीतरी लोकांनी कॉम्प्युटर शिकला तो गाण्यांच्या नादाने.

पण त्या सोपेपणाची किंमत होती. रस्ता एकेरी होता. कॉम्प्युटरवरून प्लेअरमध्ये गाणी जात, उलट येत नसत. गाण्यांच्या फाइल प्लेअरमध्ये लपवलेल्या फोल्डरात पडायच्या आणि त्यांची नावं बदलून कसलीतरी चार अक्षरी व्हायची. दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडलात तर सॉफ्टवेअर विचारायचं, आधीचं सगळं पुसून नवीन भरू का? यंत्र तुमचं, गाणी तुम्ही जमवलेली, आणि विचारणारा तिसराच.

२८ एप्रिल २००३ ला ॲपलने गाण्यांचं ऑनलाइन दुकान उघडलं. एक गाणं ९९ सेंट. त्या गाण्यांना कुलूप होतं, इंग्रजीत ज्याला डीआरएम म्हणतात ते. ठरावीक संख्येच्या कॉम्प्युटरवरच वाजणार, खिशातल्या प्लेअरपैकी फक्त आयपॉडवर वाजणार. दुसऱ्या कंपनीचा प्लेअर घेतलात तर विकत घेतलेली गाणी मागे राहिली. रेकॉर्ड कंपन्या म्हणत होत्या की कुलूप नसेल तर आम्ही गाणी विकायलाच देणार नाही, कारण नॅपस्टरवरच्या फुकट वाटपाने त्यांची झोप उडाली होती. त्यांची भीती खोटी नव्हती. पण कुलपाचा फायदा मात्र प्लेअर विकणाऱ्याला झाला. गिऱ्हाईक एकदा आत आलं की बाहेर पडणं महाग.

आणि हे एकट्या ॲपलचं नव्हतं, बरं का. सोनीने तर वॉकमन जगाला दिलेला. पण डिजिटलच्या जमान्यात त्यांचे सुरुवातीचे प्लेअर साधं एमपीथ्री थेट वाजवतच नव्हते. त्यांचं सॉफ्टवेअर आधी गाणं कंपनीच्या स्वतःच्या ॲट्रॅक फॉरमॅटमध्ये बदलून घ्यायचं, मग आत पाठवायचं. २००५ मध्ये सोनी-बीएमजीच्या काही सीडी कॉम्प्युटरमध्ये घातल्या की एक प्रोग्रॅम गुपचूप आत शिरून लपून बसतो, हे उघड झालं. केवढा गदारोळ झाला. कंपनीला सीडी परत घ्याव्या लागल्या, कोर्टकज्जे झाले.

मायक्रोसॉफ्टची कथा तर विनोदी आहे. २००४ मध्ये त्यांनी 'प्लेज-फॉर-शुअर' असा शिक्का काढला. म्हणजे 'नक्की वाजणार'. हा शिक्का बघून प्लेअर घ्या, गाणी घ्या, काळजी नको. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःचा झून नावाचा प्लेअर आणला आणि त्याच्यावर 'नक्की वाजणार' वाली गाणीच वाजत नव्हती! पुढे २००८ मध्ये त्यांनी कळवलं की एमएसएन म्युझिक या त्यांच्या दुकानातून घेतलेल्या गाण्यांच्या किल्ल्या देणारा सर्व्हर आम्ही बंद करणार. म्हणजे नवा कॉम्प्युटर घेतला की पैसे देऊन घेतलेली गाणी मुकी. लोकांनी आरडाओरडा केल्यावर मुदत वाढवली. त्याच वर्षी याहूनेही आपलं गाण्यांचं दुकान बंद केलं.

आता आपल्याकडे या.

माझ्या जर्नालिझमच्या डिप्लोमाच्या वर्गात एकाकडे आयपॉड होता, मामाने अमेरिकेहून आणलेला. आम्ही सगळे हात लावून बघायचो. गंमत म्हणजे त्या सॉफ्टवेअरमधलं गाण्यांचं दुकान भारतासाठी बंदच होतं. आयट्यून्सचं दुकान भारतात सुरू झालं डिसेंबर २०१२ मध्ये, अमेरिकेनंतर साडेनऊ वर्षांनी. तोपर्यंत आपल्या लोकांना पैसे देऊन घ्यायचं म्हटलं तरी सोय नव्हती. मंडप आहे, ताटं मांडलीत, पण पंगत आपल्यासाठी नाही.

मग आपल्या बार्शीसारख्या गावात काय झालं? स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं. "दादा, भजनं टाका दोनशे, जुनी हिंदी टाका, डीजे टाका थोडं." आणि सोबत दोन-तीनशे रुपयांचा चायना प्लेअर, ज्याला कसलंच सॉफ्टवेअर लागायचं नाही. कॉम्प्युटरला लावा, पेनड्राइव्हसारखा उघडा, गाणी टाका, काढा. गरिबाच्या प्लेअरला मालकीचा हक्क पूर्ण होता आणि श्रीमंताच्या प्लेअरला कुलूप. हे उलटं गणित मी डोळ्यांनी बघितलंय.

लगेच कोणी म्हणेल, पत्रकार चोरीची तरफदारी करतोय. नाही. त्या दुकानांतून भरल्या गेलेल्या एकाही गाण्याचा पैसा गीतकाराला, संगीतकाराला, भजन गाणाऱ्या बुवांना मिळाला नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले, ते योग्यच झालं. कलावंताला पैसा मिळालाच पाहिजे. पण पैसा देणाऱ्याला वस्तूही पूर्ण मिळाली पाहिजे. चोरी रोखायला लावलेलं कुलूप चोराला कधीच अडलं नाही. अडलं ते पावती घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला.

हे शेवटी कंपन्यांनाही कळलं. स्टीव्ह जॉब्जने स्वतः फेब्रुवारी २००७ मध्ये जाहीर पत्र लिहून कुलपाशिवाय गाणी विकायला परवानगी द्या असं म्हटलं, आणि २००९ पर्यंत आयट्यून्सच्या गाण्यांचं कुलूप निघालं. म्हणून काही बुडालं नाही. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाचं एमपीथ्रीचं दुकान काढलं होतं. २०१३ मध्ये ते बंद पडलं. पण ती गाणी बिनकुलपाची होती. ज्याने उतरवून घेतली, त्याच्याकडे ती आजही वाजतात. दुकान बंद पडलं तरी माल घरात राहिला. विकत घेणं याला म्हणतात.

आता माझा अनुभव सांगतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा कुठल्या एका कंपनीचा नाही.

२००८ साली मी एक प्लेअर घेतला, ज्यात रेकॉर्डिंगचीही सोय होती. बातमीदारासाठी चांगलीच गोष्ट. त्याच वर्षी जात्यावरच्या ओव्यांवर लेख करायला शेजारच्या गावात एका आजींकडे गेलो. वय पंच्याहत्तरच्या पुढे, लिहिता-वाचता येत नाही, आणि ओव्या शेकड्यांनी पाठ. त्यांनी मुद्दाम जातं मांडलं आणि दळता दळता गायल्या. सत्तेचाळीस मिनिटं रेकॉर्ड झालं. लेख छापून आला, आजी खूश.

अकरा वर्षांनी आजी गेल्या. वर्षश्राद्धाच्या आधी त्यांचा नातू घरी आला. "काका, आजीचा आवाज तुमच्याकडं असंल ना? आमच्याकडं फोटो हाय, आवाज न्हाई." प्लेअर जपून ठेवलेला होता. चार्ज केला, चालू झाला, आजींचा आवाजही आला. पण रेकॉर्डिंग बाहेर काढता येईना. फाइल कंपनीच्या खास फॉरमॅटमध्ये, ती उघडणार फक्त सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि ते सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. कस्टमर केअरला फोन लावला. उत्तर मिळालं, "सर, त्या मॉडेलचा सपोर्ट बंद झालाय."

विचार करा. गाणं आजींचं, रेकॉर्डिंग माझं, प्लेअर माझ्या पैशाचा. कुठल्या गायकाचा हक्क बुडत नाही, कुठल्या कंपनीचं गाणं नाही. तरी किल्ली तिसऱ्याच्या हातात, आणि त्या तिसऱ्याने किल्ली हरवून टाकलेली.

शेवटी कोणी सोडवलं? मोबाईल दुरुस्तीवाल्या पोराने. त्याने तीस-चाळीस रुपयांची वायर काढली, एक टोक प्लेअरच्या हेडफोनच्या भोकात, दुसरं लॅपटॉपच्या माइकच्या भोकात, आणि म्हणाला, "दादा, इकडून वाजवायचं, तिकडून रेकॉर्ड करायचं. सत्तेचाळीस मिनिटं बसावं लागंल." आम्ही बसलो. थोडी खरखर आली, पण जात्याची घरघर आणि आजींचा आवाज दोन्ही आले. साधी एमपीथ्री फाइल केली. आज ती त्या घरातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये आहे.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि आज 'पारी'च्या वेबसाइटवर त्यातल्या ओव्या कोणालाही ऐकता-वाचता येतात. ते काम टिकलं, कारण ते कोणा कंपनीच्या डबीत अडकलं नाही. पण प्रत्येक गावात अशा दहा आज्या होऊन गेल्या, ज्यांच्यापर्यंत कोणी पोचलं नाही. त्यांचा आवाज असलाच तर कुठल्यातरी बंद पडलेल्या प्लेअरमध्ये, जुन्या मोबाईलमध्ये, कॅसेटमध्ये आहे.

"सर, आता कोण प्लेअर वापरतंय? सगळं ॲपवर आहे." मान्य. आयपॉड तर ॲपलनेच मे २०२२ मध्ये बंद केला, आणि त्याच्या तीन वर्षं आधी मॅक कॉम्प्युटरवरचं आयट्यून्सही मोडीत काढून त्याची वेगवेगळी ॲप केली. पण रोग गेला नाही, फक्त अंगरखा बदलला. एअरटेलचं विंक म्युझिक कितीतरी जणांच्या मोबाईलमध्ये होतं. २०२४ मध्ये बंद. वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्यांचं काय? भाड्याच्या घरात राहणं यात काही वाईट नाही, मीही राहिलोय. पण भाड्याचं आहे हे आधी सांगा. करारात भाडं आणि पाटीवर 'खरेदी करा', हे चालणार नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा केला, २०२५ च्या सुरुवातीपासून लागू. डिजिटल वस्तू विकताना गिऱ्हाइकाला फक्त वापराचा परवाना मिळणार असेल तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरायचा नाही. आपल्याकडे असा नियम का नको?

आणि आता तो ग्रामपंचायतीचा कॅमेरा.

गेल्या काही वर्षांत गावोगावी सीसीटीव्ही बसले. चौकात, शाळेत, कार्यालयात. चांगलं आहे. एका प्रकरणात मी माहिती अधिकारात एका कार्यालयाकडे फुटेज मागितलं. कार्यालयाचं नाव इथे लिहीत नाही. सीडी मिळाली, पैसे भरले, पावती घेतली. घरी येऊन लावली तर फाइल उघडेना. कॅमेऱ्याच्या कंपनीचा स्वतःचा फॉरमॅट, आणि बघण्यासाठी कंपनीचाच प्लेअर, जो सीडीत नव्हता. कार्यालयात विचारलं तर म्हणाले, "आम्ही दिलंय, तुम्हाला उघडत नसेल तर आम्ही काय करणार?" माहिती अधिकार कायदा २००५ चा. इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती मिळण्याचा हक्क त्यात स्पष्ट आहे. पण जी फाइल उघडत नाही ती माहिती कसली? बंद पाकिटाची झेरॉक्स दिल्यासारखं झालं.

बघा, गाण्याच्या डबीतलं कुलूप आणि हे कुलूप एकाच कारखान्यातलं आहे. यंत्रासोबत फुकट म्हणून आलेलं सॉफ्टवेअर, जे पुढे यंत्राचं मालक होऊन बसतं. फरक एवढाच की गाणं गेलं तर मन दुखतं, आणि पुरावा गेला तर न्याय जातो.

म्हणून माझं म्हणणं तीन मुद्द्यांत.

पहिलं, तुमच्या-आमच्यासाठी. प्लेअर असो, कॅमेरा असो, मुलांचा टॅब असो, दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. फाइल सरळ आत टाकता येते का? सरळ बाहेर काढता येते का? बाहेर काढलेली फाइल दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालते का? तीन 'हो' असतील तर घ्या. आणि ज्या पोरांना जुना आयपॉड हवाय त्यांनी खुशाल घ्यावा. फक्त गाण्यांची मूळ फाइल कॉम्प्युटरवर आणि एका पेनड्राइव्हवर साध्या एमपीथ्रीत ठेवा. प्लेअर हा गाणी ऐकायला, साठवायला नाही. काही जुन्या आयपॉडवर 'रॉकबॉक्स' नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकता येतं, मग तो पेनड्राइव्हसारखा वागतो.

दुसरं, आपल्या संस्थांसाठी. नगरपालिका, ग्रामपंचायत, शाळा, वाचनालय, बँका, जे कोणी आपल्या पैशातून यंत्रं घेतात त्यांनी टेंडरमध्ये एक ओळ घालावी, "सर्व माहिती सर्वसाधारण, खुल्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढून देता आली पाहिजे." हे माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. केंद्र सरकारचं ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण २०१० पासून आहे. धोरण दिल्लीत आहे, आपल्याला ते टेंडरच्या कागदावर हवंय. येत्या ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

तिसरं, कायद्यासाठी. केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. बॅटरी बदलून मिळणं हा हक्क असेल, तर कंपनीने सपोर्ट बंद करताना ग्राहकाची स्वतःची माहिती साध्या स्वरूपात बाहेर काढण्याची सोय देणं हाही हक्क असला पाहिजे. दुकान बंद करायचं तर करा, पण आधी लोकांच्या ठेवी परत करा. पतसंस्था बुडाल्यावर ठेवीदाराचे काय हाल होतात हे आपल्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगायला नको.

आता काही जण 'छान लिहिलंय सर' म्हणून अंगठा दाखवतील. धन्यवाद. पण त्याआधी एक काम करा. घरात माळ्यावर, कपाटात, जुन्या डब्यात बघा. जुना मोबाईल, प्लेअर, कॅसेट सापडेल. त्यात कोणाचातरी आवाज असेल. आईच्या आरतीचा, आबांच्या भारुडाचा, वारीत गेलेल्या मावशीच्या अभंगाचा. बॅटरी अजून जीव धरून आहे तोवर तो बाहेर काढा आणि साध्या फाइलमध्ये ठेवा. एक घरात, एक भावाकडे. जमत नसेल तर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जा आणि वायर जोडून रेकॉर्ड करून मागा.

पोस्ट आवडली तर शेअर करा. नावासकट किंवा नावाशिवाय, कसंही. हिला कुलूप नाही.